यमुनाआत्यांना कळत नाही

"केस कापलेस काय गो सलोनी? बरे दिसतात. मानेला जरा वारा लागत असंल."

यमुनाआत्या एवढंच म्हणाल्या, आणि निशिगंधाच्या हातातला तांब्या बादलीत पडला.

मागच्या पडवीत आत्यांची अंघोळ चालली होती. भिंतीतल्या कडीला उजव्या हाताने धरून त्या खुर्चीवर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर, झोपलेल्या पोरासारखा. पाठीच्या खालच्या जखमेला पाणी लागू नये म्हणून निशिगंधाने तिथे प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने लावला होता. आज गौरी यायच्या. घरातल्या सगळ्यांच्या आधी आत्यांचं उरकायचं, हे तिने ठरवलं होतं. धाकटी जाऊ टॉवेल घेऊन दारात येईल, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

सलोनी आणि दीपेश काल रात्री मुंबईहून आले तेव्हा आत्या झोपल्या होत्या. दीपेशला यंदा गणपतीला सुटी मिळाली नव्हती, म्हणून दोघं गौरीपुरतेच आले होते. येताना आत्यांसाठी चाकांची खुर्ची आणली होती. ती अजून पुठ्ठ्यात गुंडाळलेलीच ओटीवर उभी होती.

"आत्या, तुम्ही ओळखलंत मला?" सलोनीने विचारलं.

"ओळखू नको तर काय? उंबऱ्यात उभी राहून नाव घ्यायचं विसरलीस, तेव्हा तुझ्या कानात मीच सांगितलं ना ते? हातापायाला झटका आलाय गो. डोळ्यांना नाय." जीभ जड होती, शब्द एका बाजूने घरंगळत येत होते, पण शब्द सगळे जागच्या जागी होते.

सलोनी हसली नाही. "वहिनी, पण दादा तर फोनवर म्हणाले होते, की आत्यांना..."

"टॉवेल दे. गार होतंय त्यांना."

"...आता काही कळत नाही म्हणून." वाक्य पुरं झाल्यावर तिने जीभ चावली.

आत्या दोघींकडेही बघत नव्हत्या. परसातल्या पोफळीवरून पाणी ठिबकत होतं, तिकडे बघत होत्या. केसांतलं पाणी डोळ्यांत उतरलं तरी त्यांनी पुसलं नाही. पुसायला उजवा हात सोडावा लागला असता.

"असं काय," त्या म्हणाल्या. आणि मग, "तरीच. लावणी झाली, बेणणी झाली, तरी माझी ठमी काय येत नाय. मला वाटायचं, तिच्या पण पायांनी दगा दिलान."

निशिगंधाने टॉवेल घेतला आणि त्यांचं डोकं पुसायला लागली. जरा जास्तच जोरात. ती त्यांच्या पाठीशी उभी होती, ते बरं होतं.

*

सलोनी विळीवर नारळ खवायला बसली. भाजी-भाकरीचा नैवेद्य व्हायचा होता. चुलीवर अळू शिजत होतं. निशिगंधा तांदळाची उकड मळत होती आणि एकदाही मान वर करत नव्हती. बाहेर तिची लेक वेदिका परकर पोलका घालून दारापुढच्या खळ्यात येरझाऱ्या घालत होती. या घरात गौर आणायची ती घरच्या लेकीनं. सुनेनं नाही. यमुनाआत्या तरुणपणी सासर सोडून माघारी आल्या, तेव्हापासून हातपाय चालत होते तोवर गौर त्यांनीच आणली. नंतर वेदिका आणायला लागली.

"वहिनी, काय ते सांगा तरी."

"काय सांगू? शिमग्याला ठमाकाकी बघायला आल्या होत्या. त्यांना ह्या म्हणाल्या, दोन दिवस अंगाला पाणी नाय. खरंच होतं. मला ताप होता, उभं राहवत नव्हतं. ह्यांना म्हटलं एक दिवस रजा घ्या, तर कंपनीत ऑडिट." तिने उकडीवर मूठ दाबली. "काकींनी ते नळावर बोलून टाकलं. मी हंडा घेऊन गेले, तर सगळ्या एकदम गप्प. वैष्णवी म्हणते कशी, 'जिने आई मेल्यावर तुझ्या नवऱ्याला नि दिराला वाढवलान, तिला दोन तांबे पाणी मिळत नाय होय गो घरात?' सगळ्यांदेखत. हंडा भरेपर्यंत तिथेच उभं राहायचं होतं मला, सलोनी. मग माझ्या तोंडून गेलं. म्हटलं, आत्यांना हल्ली कळत नाही. माणूस ओळखत नाहीत. काहीही बोलतात."

"एवढंच?"

"एवढंच. एकदाच. परत कधी सांगावं लागलं नाही."

सलोनीला संताप आला होता. तो बाहेर पडायला शब्दही तयार होते. पण उकड मळणाऱ्या त्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. मनगटं सुजलेली होती. माणूस उचलून उचलून सुजतात तशी. आणि मग तिला मे महिन्याच्या सुटीआधीचा तो फोन आठवला. दीपेश फोन ठेवून म्हणाला होता, आत्याला आता काही कळत नाही गं. तिनेच म्हटलं होतं, मग या सुटीत जाऊन तरी काय करणार आपण? ते दोघं मुलाला घेऊन महाबळेश्वरला गेले होते. किती हलकं वाटलं होतं तेव्हा. कोणीतरी दार आपणहून लोटून घ्यावं आणि आपल्याला आत जावं लागू नये, तसं.

"मलाही बरंच वाटलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. नारळ पुरे ना?"

चुलीच्या आणि पडवीच्या मधली भिंत अर्धीच होती. वरून धूर जायचा. पलीकडे यमुनाआत्या खोकल्या. नुसत्याच. दोघींचे हात थांबले. तो खोकला धुराचा होता की आपण इथे आहोत हे सांगणारा, ते दोघींनाही विचारवलं नाही.

*

ओटीवर दीपेश चाकांच्या खुर्चीचा पुठ्ठा सोडवत होता. सलोनीने येऊन त्याला हलक्या आवाजात सगळं सांगितलं आणि ती परत आत गेली. तो सुतळीची गाठ तशीच धरून बसला.

रस्त्यावरून वाडीत उतरायला एक पाखाडीच होती. जांभ्याच्या उंच पायऱ्या, पावसात शेवाळाने बुळबुळीत. आत्याला झटका आला त्या दिवशी चार जणांनी तिला डोलीत घालून ह्याच पायऱ्यांवरून वर नेलं होतं. त्यानंतर ती वर गेलीच नव्हती. म्हणून गेल्या गणपतीत वाडीची बैठक बसली आणि पाखाडीच्या कडेने खुर्ची चढेल अशी उतरण बांधायची ठरली. आत्यासाठी, पाय अधू झालेल्या गुरुप्रसादसाठी, आणि पुढेमागे म्हातारं होणाऱ्या सगळ्यांसाठी. शिमग्यापर्यंत जांभ्याचे चिरेसुद्धा येऊन पडले होते.

चैत्रात वाडीच्या मुंबई मंडळाच्या सभेत दीपेश उभा राहिला होता. तो सेक्रेटरी. तो म्हणाला होता, आमच्या आत्याला आता काही कळत नाही, तेव्हा केवळ आमच्या घरासाठी म्हणून हे काम करू नये. चिरे देवळाच्या भिंतीला द्यावेत. माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. स्वतःच्या घराआधी गावाचा विचार करतो, असं एक जण माइकवर म्हणाला होता. घरी आल्यावर दीपेशने ते सलोनीला दोनदा सांगितलं होतं.

"दादा," तो म्हणाला. "तुला माहीत होतं?"

थोरला संदेश समईची वात सारखी करत होता. "रोज संध्याकाळी कामावरून आलो की तिच्यापाशी बसतो. ती मला विचारते, आज कंपनीत काय झालं. मला माहीत नसेल?"

"मग मला फोनवर..."

"तू विचारलंस, आत्याला कळतं का रे? माझ्या मागे ही उभी होती. मी काय सांगायचं? बायको नळावर खोटं बोलली म्हणून?" वात सारखी झाली तरी तो तिला हात लावतच राहिला. "आणि तूही एकदाच विचारलंस, दीप्या. 'आत्याला फोन दे' म्हणाला असतास, तर दिला असता."

दीपेशने सुतळीची गाठ सोडवली. मग तो म्हणाला, "आज नको. सणाचं नको. गौरी गेल्या की बघू कसं सांगायचं ते."

आतून सलोनी म्हणाली, "हो, आज नकोच." निशिगंधा काही बोलली नाही, म्हणजे तिचंही तेच. चौघांचं इतकं एकमत त्या घरात बागेच्या वाटणीच्या वेळीसुद्धा झालं नव्हतं.

*

बायका आल्या त्या एकदमच. पाखाडीवरून आधी आवाज उतरले, मग त्या. पऱ्यावर, म्हणजे वाडीखालच्या ओढ्यावर, जायच्या आधी सगळ्या याच घरात जमत, गौरीचं सूप इथूनच निघे. ओटी लुगड्यांनी, गजऱ्यांनी, ओल्या छत्र्यांनी भरून गेली. निशिगंधाने पडवीचं दार लोटून घेतलं होतं.

"यमनी कुठाय?" ठमाबाईने विचारलं. कमरेत वाकलेली, हातात काठी. यमुनाआत्यांच्या बरोबरीची. एका बांधावर वाढलेल्या दोघी.

"झोपल्यात, काकी," सलोनी पुढे होत म्हणाली.

"झोपू दे. सणाचं एकदा तोंड बघते. तिनं मला ओळखलान नाय तरी मला तिची ओळख हाय ना?"

ठमाबाईने काठीनेच दार ढकललं. मागोमाग चार-पाच जणी दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. निशिगंधा त्यांच्यामागे.

आत्या जाग्या होत्या. धुतलेल्या, विंचरलेल्या, कोऱ्या लुगड्यात. खुर्चीत ताठ बसवलेल्या.

ठमाबाई बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडली. "यमने! मी ठमी! ओळखलंस काय गो?"

आत्यांनी मान वर केली. ठमाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून, दारातल्या बायकांच्या मधून, मागे उभ्या असलेल्या निशिगंधाकडे पाहिलं. आता, निशिगंधाला वाटलं. आता सांगणार.

"कोण गो तू?" आत्या म्हणाल्या.

"ठमी. तुझी ठमी! पऱ्यात पडलो होतो ना आपण दोघी, दोन गौरी घेऊन? तुझी गौर वाहून गेली तर अर्धा तेरडा मी दिला होता तुला."

"नाय बा आठवत. कोणाकडची तू? बस. निशिगंधा, हिला पाणी दे गो."

ठमाबाईचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या महिन्यांत ती आली नव्हती ती बहुतेक ह्याच एका क्षणाला भिऊन. तिने आत्यांच्या निर्जीव हातावर आपला हात ठेवला आणि लगेच उचलला, परक्याच्या अंगाला चुकून लागल्यासारखा.

दारातून चुकचुक ऐकू आली. "निशिगंधा म्हणत होती ते खरंच की."

"आपण उगाच बोललो तिला तेव्हा."

आणि वैष्णवी, तीच नळावरची वैष्णवी, वळली, आणि तिने निशिगंधाच्या पाठीवरून हात फिरवला. "किती करतेस गो बाय. नि आम्ही तुला काय काय बोललो. मनात ठेवू नको हां."

तो हात मऊ होता. पाठीवरून खाली गेला, परत वर आला. निशिगंधाला वाटलं, ह्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. आत्यांनी आपल्याला वाचवलं. स्वतःच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला 'कोण तू' म्हणून वाचवलं. ती माया होती, उपकार होते, आणि त्यांच्या खाली काहीतरी फार घाणेरडं होतं.

"त्यांना कळतं," ती म्हणाली.

"आं?"

"सगळं कळतं त्यांना. पहिल्यापासून. मी नळावर खोटं बोलले. लाज वाटली म्हणून बोलले."

ओटीवरून दीपेश म्हणाला, "वहिनी," आणि थांबला.

वैष्णवीचा हात पाठीवरून निघाला. "म्हणजे एवढे महिने..." ती म्हणाली. "आम्ही दारावरून जायचो नि हिला हाक मारायचो नाय. बाय गो. हिला ऐकू येत असणार."

बाहेर पावसाची एक सर आली आणि पत्र्यावर वाजून गेली.

ठमाबाई निशिगंधाकडे वळलीच नाही. ती आत्यांकडेच बघत होती. "ही बोलली ते कळलं. माणसाच्या तोंडून जातं. मी नाय नळावर बोलले? पण तू गो? मी कोण? तुला मी कोण?"

"हळू बोल. मी बहिरी नाय."

एक जण फिसकन हसली आणि तिने पदर तोंडात घातला.

"मग का म्हणालीस तसं?"

यमुनाआत्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. घाईने नाही. "तुम्ही आता गौर आणायला जाल, ठमे. आरती करशाल, घरी जाशाल. रात्री माझी कूस कोण बदलील?" त्या निशिगंधाकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या, आणि ते सगळ्यांना दिसलं. "ह्या घरात राहायचंय मला. हिच्या हातात आहे मी. तिचं खोटं खोटं पाडून मी कुठे जाऊ?"

निशिगंधाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. माया नव्हती ती. उपकारही नव्हते. भीती होती. ह्या पडवीत, ह्या खुर्चीत बसून, तिने डोकं पुसताना जरा जोर लावला की आत्या घाबरत होत्या. तिला आजवर सगळ्यांची भीती वाटत आली होती. नळाची, जावेची, नवऱ्याची गाडी चुकेल का याची, जखम चिघळेल का याची. आपल्यालाही कोणी भिऊन असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"आत्या, मी कधी..." ती म्हणाली. पुढे काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी कधी हात उचलला? कधी उपाशी ठेवलं? ह्यातलं काहीच तिने केलं नव्हतं. आणि तरीही ते खरं होतं.

"तू वाईट नायस," आत्या म्हणाल्या. "दमतेस. दमलेल्या माणसाचा भरवसा नसतो गो. मी पण दमलेली होते, ह्या दोघांना वाढवताना. माहीत हाय मला."

दीपेश आत आला होता. बायकांनी त्याला वाट दिली. "ठमाकाकी," तो म्हणाला, "ते उतरणीचं... मुंबईच्या सभेत मीच सांगितलं, आत्यासाठी नको म्हणून. चिरे मी परत..."

"देवळाच्या भिंतीतून काढशील?"

त्याने हातातली सुतळी बोटाला गुंडाळली.

"बसलेल्या चिऱ्याला हात लावू नको. नवे आण. नि आणशील तेव्हा बैठकीत उभा राहून सांग कशाला आणलेस ते. आज जसं हिनं सांगितलान तसं." ठमाबाईने काठी भिंतीला लावली आणि दोन्ही हात टेकत, कण्हत, खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसली. "जा गो सगळ्या. मी हितंच बसते. यमने, सरक जरा. बरं, तुला नाय सरकता येत. मीच सरकते."

बायका गेल्या. जाताना गाणं म्हणत जातात, ते कोणी सुरू केलं नाही. खळ्याच्या टोकाला पोचल्यावर कुणीतरी हळूच सुरुवात केली, आणि बाकीच्यांनी ते बिचकत उचललं.

*

पऱ्यावरून परत यायला फार वेळ लागत नाही. त्या वेळात निशिगंधाने कोमट पाणी केलं, त्यात दुधाची धार सोडली, तांब्या आणि ताम्हण उंबऱ्यापाशी नेऊन ठेवलं. पडवीचं दार उघडंच होतं. आतून दोघींचं बोलणं येत होतं. कोण कोण मेलं त्याचं. मध्येच आत्या हसल्या, आणि तो आवाज ऐकून संदेश दारातच खिळून उभा राहिला. आपल्याशी रोज बोलताना ती अशी हसत नाही, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होतं. सलोनी निशिगंधाच्या शेजारी येऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लागेल एवढीच जवळ आली, आणि बायका खळ्यात शिरताना दिसल्या तशी एक पाऊल मागे सरली.

वेदिका पुढे होती. सुपात तेरड्याची गौर, मुळांची माती अजून ओली. गौर घरात येईपर्यंत आणणारीने बोलायचं नाही, म्हणून तोंडात पऱ्याच्या पाण्याची गुळणी. काय झालं ते पोरीला वाटेत कळलं होतं की नव्हतं, ते त्या फुगलेल्या गालांवरून कळत नव्हतं. पण डोळे आईवर होते. बाकीच्या तिच्यामागे अर्ध्या गोलात उभ्या राहिल्या आणि गाणं संपलं.

निशिगंधा खाली वाकली. पोरीचा एक पाय ताम्हणात घेतला, त्यावर पाणी सोडलं, बोटांमधला चिखल काढला. मग दुसरा. टाचेला लागलेलं गवताचं पातं काढलं. परत पाणी सोडलं.

तांब्या रिकामा झाला. पाय केव्हाच धुऊन झाले होते. सूप धरून धरून वेदिकाचे हात भरून आले होते, आणि तोंडात पाणी असल्यामुळे तिला 'आई, ऊठ' असं म्हणताही येत नव्हतं. तरी निशिगंधा उंबऱ्याशी वाकलेलीच राहिली, पोरीची टाच दोन्ही हातांत धरून. मान वर केली की तिथे सगळे चेहरे होते.